विश्रामअण्णांनी उसवलेली वही

पांगरवाडीच्या ओढ्याला भर उन्हाळ्यातही पाणी असायचं, तेव्हाची ही गोष्ट. तालुक्याच्या होमिओपॅथी डॉक्टरांकडे वीस वर्षं पुड्या बांधून विश्रामअण्णा गावी परतले. सोबत साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची पेटी आणि स्वतः लिहिलेली जाडजूड वही.

साऱ्या जगाची दुखणी त्या वहीत होती, असं म्हणतात. डोक्यापासून सुरुवात, मग डोळे, कान, घसा, छाती, पोट, पार पायाच्या टाचेपर्यंत. एकेका दुखण्याखाली पुन्हा बारकावे: उजवीकडे की डावीकडे, सकाळी की दिवेलागणीला, कशानं वाढतं, कशानं उतरतं. त्यापुढं औषधांची नावं. हमखास लागू पडणारं लाल शाईत, बऱ्यापैकी लागणारं काळ्या, क्वचित लागणारं पेन्सिलीनं. रोगी बोलत जाई, अण्णा पानं उलटत जात. सगळ्या पानांवर जे नाव पुन्हा पुन्हा सापडे, ती गोळी ते देत.

एका चैत्रात सरूबाई कुंभारीण आली. उजवं कपाळ ठणकायचं, दहाच्या सुमाराला सुरू व्हायचं, उन्हानं वाढायचं. अन्न पोटात ठरत नव्हतं. अण्णांनी सगळं वहीत शोधलं, तीनदा औषध दिलं. गुण नाही.

चौथ्या खेपेला भावानं तिला पाठुंगळी आणलं. अण्णा कळवळून म्हणाले, "सरू, धीर धर गं. होशील बरी."

"तसं नका बोलू, अण्णा!" तिनं कपाळ गच्च दाबलं. "पोरगी ओढ्यात गेली, तेव्हापासून कुणी समजूत घातली की जास्तच ठणकतं."

अण्णांनी वही उघडली. उन्हानं वाढणारं होतं, थंडीनं, धक्क्यानं, वासानं वाढणारं होतं. समजुतीनं वाढणारं कुठंच नव्हतं. मनाच्या नावानं एक ओळसुद्धा नव्हती.

वही मिटून ते तिच्यापाशी ऐकत बसले. दुपार कलेपर्यंत सरूबाई लेकीबद्दल बोलली. ऐकता ऐकता आजवरचे असे मिटून बसलेले रोगी अण्णांना आठवत गेले, आणि कुणाला काय लागू पडलं तेही. त्यांनी एक गोळी तिच्या जिभेवर ठेवली. सरूबाई रडली. घरी नेलं तरी रडतच होती. चाकाजवळची दगड झालेली माती तिच्या आसवांनी भिजली आणि तिसऱ्या दिवशी तिनं त्याच मातीचा घडा घडवला, असं म्हणतात.

इकडे अण्णांनी वहीची शिवण उसवली. डोक्याच्याही आधी कोरी पानं घातली, वर लिहिलं: मन. मग बारा गावांची माणसं येऊन मन सांगू लागली. पुढं पुढं वाऱ्यानं वही उघडली तरी समोर बसलेल्याचंच पान निघायचं, असं म्हणतात. अण्णा गेले तेव्हा ती उचलायला दोन माणसं लागली.

आजही पांगरवाडीत आजाऱ्याला भेटायला गेलेला माणूस 'काय दुखतंय' असं विचारत नाही. उशाशी बसतो, 'मन कसं आहे?' एवढंच म्हणतो, आणि कितीही वेळ लागो, मध्ये बोलत नाही. गावात त्याला 'अण्णांचं पान उघडणं' म्हणतात.