शिशाच्या विटांआडचा देव

खंडेनवमीला सकाळपासून ऊन चटचटत होतं, वारा अगदी पडलेला. पण एका डोंगराच्या पोटात जुनी, बंद पडलेली खाण होती, तिथं बारमाही गारवा. त्या खाणीत केळुसकरबाईंचं यंत्र होतं, आणि त्याची राखण करायला रावबा होता.

म्हातारे तारे विझण्याआधी पोटात नवी द्रव्यं घडवतात, असं बाई सांगायच्या. आपल्या अंगात आहे त्यातलं बरंचसं तिथलंच म्हणे. ते कसं घडतं, हे त्या यंत्रात मोजत होत्या. दोन कण जुळले की एक बारीकशी चमक उठे. आठवड्याला दोन, फार तर तीन. आभाळातल्या किरणांनी घोटाळा करू नये म्हणून यंत्र इतकं खोल, आणि भोवती शिशाच्या विटा.

रावबानं यंत्राची पूजा केली, झेंडू वाहिला. दृष्ट लागू नये म्हणून कुलदैवताच्या डोंगरावरचा एक दगड विटांच्या आत, यंत्राला टेकवून ठेवला.

त्याच आठवड्यात बाईंनी यंत्राचा जोर वाढवला होता. चमका विसावर गेल्या, त्या वाढलेल्या जोरामुळंच असं बाईंना वाटलं.

"रावबा, पाच वर्षांचं चीज झालं हो!" बाई म्हणाल्या. निकाल ऐकायला मोठमोठी माणसं यायची ठरली.

एक दिवस बाई सहज बोलून गेल्या, "काही दगडांतूनही किरण निघतात, म्हणून तर या विटा." रावबाला आपण आत ठेवलेला दगड आठवला.

घरी येऊन त्यानं शेजारच्या तुळसाक्काला सांगितलं. ती म्हणाली, "गप बसा की दादा! दगडाला का तोंड आहे? नोकरी घालवाल."

रावबाला ते पटलं नाही. सकाळी त्यानं तो दगड काढून बाईंच्या हातावर ठेवला. "चुकलं माझं, बाई."

पुढच्या आठवड्यात चमका पुन्हा तिनावर आल्या. बाईंनी सगळे आकडे पुन्हा पडताळले. मग त्यांनी हात जोडले. "रावबा, मी जगाला खोटं सांगणार होते. वाचवलंत मला."

पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवलं. पुढं दोन वर्षांनी खरा निकाल छापून आला. आभार मानले होते, त्यात पहिलं नाव रावबाचं. त्यानं तो कागद तुळसाक्काला दाखवला.

तात्पर्य: मी वेगळं काय सांगू? तुळसाक्का त्याला म्हणाली तेच. "दादा, तुम्हाला गप बसा म्हणाले, ते माझंच चुकलं. आपली चूक आपण होऊन सांगणारा असतो, म्हणून दुसऱ्याचं खरं काम टिकतं. अशा माणसाचे उपकार मानावेत."