शेणाला दिलेला कोळसा

भाविकहो, त्या चैत्रात सुपडोबा महाराजांचा मुक्काम कारळखेडच्या मारुतीच्या पारावर होता. महाराजांच्या लीला आपल्या बुद्धीत मावत नाहीत. ही तर माझ्या डोक्यात अजूनही नीट शिरलेली नाही. तरी सांगतो.

गावात ठकूबाई गवळण राही. नवऱ्यामागे चार म्हशींवर तिचे पोट चाले. तिचा उकिरडा त्र्यंबकराव देशमुखांच्या ओसरीसमोर होता, आणि वास असा की रावांना घास गिळवेना. सोमवारपर्यंत घाण हटली नाही तर म्हशींसकट गावाबाहेर काढीन, असे त्यांनी बजावले.

ठकूबाईने महाराजांचे पाय धरले. महाराजांनी खड्ड्यात तुराट्या पेटवल्या, अर्धवट जळताच वर माती लोटली, आणि निवलेल्या कोळशाची पाटी तिला देऊन म्हणाले, "शेणाला घाल."

गाव बुचकळ्यात पडले. शेणाला प्रसाद? यात काहीतरी खोल अर्थ असणार! मग कोणी तो कोळसा कपाळी लावला, कोणी देव्हाऱ्यात ठेवला. उरलेला ठकूबाईने पिवळ्या फडक्यात बांधून गोठ्याच्या दाराला टांगला. वास काही हटेना. देशमुख हसून हसून बेजार झाले. "बुवा येडा, अन् भक्तीण त्याहून येडी," असे चारचौघांत म्हणू लागले.

शनिवारी ती रडत पारावर आली, तेव्हा महाराजच गोंधळले. "बाई, शेणाला घाल म्हटलं होतं. दाराला का टांगलंस?"

संतांनी सरळ सांगितलेले सरळ ऐकायची आपल्याला सवयच नाही. महाराजांनी पुन्हा तुराट्या जाळल्या. स्वतः उकिरड्यात उतरून कोळसा ठेचला, आणि शेणाचा थर, कोळशाचा थर असे दोघांनी मिळून दिवसभर खालीवर केले.

सोमवारी देशमुख नाकाला उपरणे लावून गडी घेऊन आले. म्हशींची दावी सोडायला सांगताना उपरणे जरा सरकले आणि ते थबकले. वास नव्हता. आपलेच नाक गेले की काय, म्हणून त्यांनी घरून हिंग मागवून हुंगला; सणसणीत ठसका लागला. नाक शाबूत होते. मग त्यांनी उकिरड्यातले मूठभर खत उचलून हुंगले. नुसता मातीचा वास आला.

मग ते तिथेच उभ्या असलेल्या महाराजांच्या पायांशी वाकले, तर महाराज मागे सरकले. म्हणाले, "आम्ही आज इथं, उद्या तिथं. तुम्हांला शेजार हिचा."

देशमुख ठकूबाईपुढे वाकले. तिला काही कळेना. तिने पाय मागे ओढले. "शेणाचे पाय हायेत, मालक."

"असू दे, बाई," म्हणत रावांनी त्याच पायांवर डोके टेकवले.