अंड्याच्या पावडरीचा डबा

“...आणि उघडलाच नाही, तर किती वर्षं टिकतो?”

“धा वर्षं,” कृष्णात चौगुले म्हणाला. “जागा थंड पायजे, ओल लागाय नको. मग काय हुत न्हाई त्याला, बाबा.”

मौलाबाबांनी डबा हातात घेऊन हलवला. आत कोरडं काहीतरी खसखसलं.

“यात अंडी आहेत म्हणतोस?”

“शंभर. फोडून, गरम हवेवर वाळवून केलेली पावडर. मी कामाला हाय त्या कारखान्यातच हुती. दोन चमचे पावडर, वर जरा पाणी... झालं एक अंडं.”

बोलताना त्याची मान ताठ होती. वारणाकाठच्या त्या गावात असे चाळीस डबे दुसऱ्या कुणाच्या घरी नव्हते. पुराचं पाणी चढणार नाही अशा माडीवरच्या खोलीत, उंच फळ्यांवर त्यानं ते ओळीनं लावले होते. खोलीला कुलूप. किल्ली त्याच्या करगोट्याला.

टेकडीवरच्या फकिराच्या झोपडीत तो आला होता तो एवढ्याचसाठी, की बाबांनी एका डब्यावर हात ठेवावा आणि खोलीच्या दाराला बांधायला एक ताईत द्यावा.

“ताईत कशाला? कुणाला भितोस?”

कृष्णातनं खाली पाहिलं.

“मोठा पूर आला तवा पाच दिवस स्लॅबवर हुतो आम्ही. कोंबड्या खुराड्यासकट व्हावून गेल्या. चौथ्या दिवशी आई म्हणाली, एक अंडं दे रं उकडून... माझ्याकडं काय सुदिक नव्हतं, बाबा. दुसऱ्या दिवशी नाव आली. पर आई...”

बाबांनी घाई केली नाही. पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला.

तो पाणी प्याला तेव्हा त्यांनी विचारलं, “त्यानंतर पुन्हा पाणी आलं?”

“गेल्या पावसाळ्यात. सहा दिवस पूल पाण्याखाली. भाजी न्हाई, दूध न्हाई.”

“मग किती डबे उघडलेस?”

“एक बी न्हाई.”

बाबांनी डबा खाली ठेवला.

“सून मागत हुती,” कृष्णात आपणहूनच सांगू लागला. “आठवा म्हैना हुता तिला. नुसता भात घशाखाली उतरंना. पर मी म्हटलं, पोरी, ही ती येळ नव्हं. ह्याच्यापरास वाईट येळ येणार हाय, तवाला पायजे.”

“मग ती काय म्हणाली?”

“काय न्हाई. पाणी उतरलं तशी म्हायेरी गेली, पुलापलीकडं. बाळंत झाली, मुलगी झाली. पोरगा बी तिकडंच ऱ्हातोय आता. सहा म्हैने झाले.”

“नातीचं नाव काय ठेवलं?”

कृष्णातला नाव ठाऊक होतं. ते त्याला दूधवाल्याकडून कळलं होतं. पण त्याच्या तोंडून ते बाहेर पडेना.

बाबा उठले. कोनाड्यातली सुरी घेतली आणि तिचं टोक डब्याच्या झाकणाखाली खुपसलं.

“बाबा, नगा! हवा लागली की म्हैन्याभरात संपवाय लागतंय!”

“बरं झालं,” बाबा म्हणाले.

झाकण टक्कन उडालं.

वाडग्यात त्यांनी पिवळी भुकटी घेतली, पाणी घातलं, बोटांनी कालवली. चुलीत दोन काटक्या सारल्या. तव्यावर तेलाचा थेंब टाकला आणि वाडगं पालथं केलं. अंड्याची पोळी कडेनं फुगत गेली. झोपडीभर वास पसरला.

कृष्णात झाकण हातात धरून तसाच बसून राहिला.

बाबांनी पोळी ताटलीत काढली. “खा.”

“मी? ही अडचणीच्या येळेला ठेवलेली...”

“खा.”

इतक्या वर्षांत त्यानं ती पावडर कधी चाखली नव्हती. त्यानं तुकडा मोडला, तोंडात घातला. दुसरा मोडला. तिसऱ्याला त्याचा हात थांबला. डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं, तरी त्यानं ते पुसलं नाही.

“आठवा म्हैना हुता तिला,” तो पुन्हा म्हणाला. या वेळी अगदी हळू.

बाबा त्याच्या शेजारी, मातीतच बसले. त्याच्या पाठीवर हात ठेवला. खाली पुलावरून माणसं येत-जात होती.

तव्याखालचा जाळ विझत आला, तेव्हा बाबांनी विचारलं, “कशी झालीय?”

कृष्णातनं तिसरा तुकडा मोडून खाल्ला.

“चांगली झालीया... पर मीठ न्हाई हिच्यात.”

बाबांनी डब्याला झाकण लावलं आणि डबा त्याच्या हातात दिला.

“माझ्याकडं नाही मीठ. पुलापलीकडं जाऊन माग.”