चुन्याच्या हौदापाशी आलेले महाराज

बोरवंडीकरांचे भाग्य थोर, म्हणून सोमगीर महाराज त्यांच्या माळावर तीन वर्षे राहिले. भक्तांनी तिथे मठ बांधायला काढला. त्यासाठी भाजलेला चुना पाण्यात विरवायचे काम यल्लूबाईकडे होते. हातांना भेगा, भेगांत चुना. घास घेतानाही बोटे चरचरत. पण तिचे खरे दुखणे निराळेच होते. भिंतीपलीकडून महाराजांच्या खडावा रोज ऐकू येत आणि महाराज मात्र तिने एकदाही पाहिले नव्हते. खडावा वाजल्या की ती त्या दिशेला हात जोडी आणि तिचा जीव कासावीस होई.

"मिस्त्री, एकवार जाऊन येऊ का? लांबनंच बघीन."

कामावरचा आबाजी मिस्त्री हसे. "आरशात बघितलंस का सोताला? भूत समजून महाराजच पळतील!" मग गवंडीही खिदळत.

चैत्रातली गोष्ट. उत्सव तोंडावर आला होता. चुन्यावर पाणी बेताबेताने सोडायचे असते, हे मिस्त्रीला काय ठाऊक नव्हते? पण घाई नडली. "ओत सगळं एकदम!" यल्लूबाई कचरली, तरी तिने उरलेल्या घागरी रिकाम्या केल्या. चुना खदखदून उसळला तो थेट तिच्या डोळ्यांत.

"आता कशी बघू महाराजांना!" एवढेच ती ओरडत होती.

मिस्त्री तेलाची बुधली घेऊन धावला. तोच खडावा वाजल्या. महाराज स्वतः आले होते, हातात पाण्याचा तांब्या.

"पाणी नको महाराज, चुना आणखी उकळंल!"

"थेंबभर पाण्यानं उकळतो, आबाजी. धार तुटली नाही तर धुऊन जातो," महाराज म्हणाले आणि तिचे डोके मांडीवर घेतले.

विहीर कोसभर लांब, आणि तांब्या तो केवढासा! पण काय नवल सांगावे, निंबाची सावली हौदावरून मठाच्या पायरीपर्यंत सरकली तरी धार तुटली नाही. शेवटी यल्लूबाईने पापण्या उघडल्या. आधी नुसते धुके, मग पांढरी दाढी, मग ते हसरे डोळे.

"दिसलात," ती म्हणाली आणि रडू लागली.

"तुला बघायचं माझंही राहिलं होतं, माय. रोज हात जोडायचीस, ते पोचत होतं."

मिस्त्रीने महाराजांचे पाय धरले. महाराजांनी ते मागे घेतले आणि तांब्या त्याच्या हाती दिला. "हिचे हात धुवायचे राहिलेत."

आबाजी खाली बसला. सगळ्या गवंड्यांदेखत त्याने त्या भेगांवर पाणी घातले, आणि हात स्वच्छ झाल्यावर त्यांवरच कपाळ टेकले.