चार बोटांची दुमड

फार पूर्वी, घाटमाथ्यावरच्या एका गावात एक शिंपी आणि त्याची बायको राहत होते. लहान मुलांचे कपडे शिवताना शिंपी खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवायचा. मूल वाढलं, की आई टाके उसवून दुमड सोडायची. याने शिवलेला झगा पोरीला दोन दिवाळ्या पुरतो, असं गावात म्हणायचे.

बायकोचं माहेर समुद्रकाठी होतं. एकदा तिचा भाऊ हंडीभर खाऱ्या पाण्यात एक बोटभर मासा घेऊन आला. चंदेरी अंग, पाठीवर पिवळा पट्टा.

"ताई, तुला समुद्राची आठवण येते ना? याला सांभाळ," तो म्हणाला. मग शिंप्याला म्हणाला, "दाजी, हे पोर आहे अजून. वाढून हातभर होईल."

बायको त्या दिवशी कितीतरी वेळ हंडीजवळ बसून राहिली.

शिंपी माशासाठी दगडी टाकं आणायला पाथरवटाकडे गेला. पाथरवटाने आधी एक भलामोठा दगड दाखवला. "हा कोरून देतो. मासा केवढाही होऊ दे, काळजी नाही. पण सुरुवातीला खाडीचं पाणी बैलगाडीने आणावं लागेल, तेही बऱ्याच खेपा." मग त्याने परातीएवढं एक टाकं दाखवलं. "हे दोन घागरींत भरतं."

लग्नसराई होती. शिंप्याचे डोळे शिवून शिवून लाल झाले होते. बैलगाडीच्या खेपा ऐकूनच त्याला थकवा आला. त्याने कमरेची मापाची दोरी काढली. तिला माशाच्या मापाची गाठ मारलेली होती. "माझा मासा एवढासा आहे. लहानच द्या."

"माप तर नेमकं घेतलंत, दादा," पाथरवट हसला. "बाह्या केवढ्या ठेवणार त्याला?"

शिंपीही हसला आणि लहान टाकं घेऊन घरी आला.

पुष्कळ पाण्यात थोडी घाण विरून जाते. थोड्या पाण्यात ती साचते. लहान टाक्यातलं पाणी सारखं खराब व्हायचं आणि मासा वर येऊन तोंड उघडू लागायचा. मग शिंपी कावड घेऊन घाट उतरायचा, खाडीचं पाणी भरायचा आणि पुन्हा घाट चढायचा. त्याचे पाय सुजले. हातात सुई असतानाच त्याला डुलकी यायची.

मासा मात्र वाढत होता. शिंप्याने जरासं मोठं टाकं आणलं. मासा त्यातही मावेना. वळताना त्याची शेपटी दगडाला घासायची.

एका संध्याकाळी शिंपी कावड टेकवून पायरीवर बसला. बायको शेजारणीच्या मुलीच्या झग्याला दुमड घालत होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "कुणाच्या लेकराला तुम्ही आजच्या मापाचं कधी शिवलं नाहीत."

सकाळी उठून शिंपी पाथरवटाकडे गेला. मोठा दगड जागेवर नव्हता.

"त्याची देवळाची पायरी झाली," पाथरवट म्हणाला. "तेवढा दुसरा खाणीतून यायचा तर पावसाळा सरावा लागेल."

मासा तोवर तगला नसता. नवराबायकोने त्याला मोठ्या हंड्यात घालून भाड्याच्या गाडीने खाडीवर नेलं. भाऊ तिथे जाळं वाळवत होता. त्याने हंड्यात वाकून पाहिलं.

"लांब झालाय, दाजी. पण पाठ वाकलीय."

बायकोने हंडा पाण्यात तिरका केला. मासा बाहेर आला आणि जागच्या जागी थांबून राहिला. मग त्याने शेपटी पुरती पसरली. ती कशालाच लागली नाही. तसाच वाकडा पोहत तो खोल पाण्यात गेला.

"जगेल का रे?" तिने भावाला विचारलं.

"बघू. पाणी तरी भरपूर आहे."

परतताना घाटाच्या पायथ्याशी गाडी परगावी वळली, आणि दोघं रिकामा हंडा घेऊन चढण चढू लागले. "मी वाहिलेल्या पाण्यात ते मोठं टाकं कितीदा तरी भरलं असतं," शिंपी म्हणाला.

"हळू चाला," बायको म्हणाली. "आता घाई नाही."

तात्पर्य: वाढणाऱ्या जिवाला जागा देताना त्याचं आजचं माप धरू नये. एकदाचे कष्ट टाळले, की ते रोजचे होतात, आणि त्यातले निम्मे त्या जिवाला सोसावे लागतात.