चोरटाक्याचे बारसे

शिरसवेढे गावी, वेशीजवळच्या पडक्या धर्मशाळेत अंबोजी महाराज राहत. कोणी भाकर आणून दिली तर खात, नाही तर नामस्मरणात दिवस जाई. अंगावर बारमाही एकच वाकळ, आणि ती ठकूबाईने शिवलेली.

ठकूबाई ही बाळंतिणींसाठी दुपटी शिवणारी गरीब विधवा. धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्यांचे थर अंथरायचे आणि कडेपासून आत, फेऱ्यामागून फेरा, साधा टाका घालीत जायचे. टाका वर दिसे, खाली बुडे, पुन्हा वर येई. मुखी हरीचे नाव चालूच. शेवटी मात्र ती गाठ मारीत नसे. "लेकराच्या पांघरुणाला गाठ घालून संपवू न्हाई," असे म्हणे आणि दोऱ्याचे टोक मोकळे सोडी.

पाटलांच्या घरी नातू झाला. ठकूबाई दुपटे घेऊन गेली. बयजाबाई पाटलिणीने ते दोन बोटांनी उचलले.

"अगं ठके, हा कसला टाका? एक घालतेस अन् एक खातेस! चोरटाका नुसता. वर गाठसुद्धा नाही. टोक ओढलं की सगळं उघडं! आमच्या नातवाला जरीचं दुपटं आलंय शहरातनं. हे मांजराला घाल जा."

ओसरीवरच्या बायका फिदीफिदी हसल्या.

"मांजरालाबी ऊब लागतीच की, आईसाहेब," ठकूबाई एवढेच बोलली. दुपटे उंबऱ्याशीच राहिले. धर्मशाळेत येताच मात्र तिच्या डोळ्यांना धार लागली.

महाराज म्हणाले, "ठकूबाई, वर दिसतो तेवढाच टाका लोक बघतात. खाली गेलेला दोरा काय झोपलेला असतो? तोच तर पुढचा टाका घेऊन वर येतो. रडू नकोस. तुझ्या टाक्याचं बारसं अजून व्हायचंय."

इकडे बाळ काही केल्या निजेना. जरीचा काठ कोवळ्या मानेला बोचे, हनुवटीखाली लाल पुरळ उठले. अखेर सुनेने, मैनाने, सासूच्या नकळत ठकूबाईचे दुपटे आत आणले आणि बाळाला त्यात गुंडाळले. बाळाने एक मोठा सुस्कारा टाकला, मूठ तोंडाशी धरली आणि ते झोपले. त्या सुस्काऱ्याचे मोल आईलाच ठाऊक!

सव्वा महिना झाला. मैना पायऱ्यांची विहीर पुजायला गेली. ती वाकून हळदकुंकू वाहत होती. बाळ काठावर उभ्या असलेल्या पाटलिणीच्या हातात होते. वरची शाल सरकली आणि तिला आतले दुपटे दिसले.

"हे चिंधाट कुणी गुंडाळलं गं?" म्हणत तिने ते रागाने ओढले. त्या हिसक्यासरशी बाळ हातून निसटले आणि दुपट्यासकट विहिरीत गेले!

मैनाने किंकाळी फोडली. पण पाण्याचा आवाज आलाच नाही. दोऱ्याचे मोकळे टोक पाटलिणीच्या मनगटातल्या बिलवरात अडकले होते. दुपट्यातून दोरा सरसर सुटत होता, आणि पाळण्यातून कोणी अलगद उतरवून ठेवावे तसे बाळ हळूहळू खाली जात होते. मांजराचे पिल्लूही न पेलणारा तो सुती दोरा! पाटलिणीच्या मनगटाला मात्र फुलाचाही भार जाणवला नाही. शेवटचा फेरा सुटला तेव्हा बाळ पाण्यालगतच्या पायरीवर टेकले होते. मैना पायऱ्या उतरून पोहोचली, तो लुगड्याच्या सुट्या थरांत ते आपले मूठ चोखीत पडलेले.

पाटलीण तशीच अनवाणी धर्मशाळेत आली. ठकूबाई महाराजांच्या तळव्याला हळद लावीत होती. तळव्यावर आडवा, रक्ताळलेला वळ होता.

"बसल्या बसल्या मूठ आवळली, अन् रगत आलं बघा, आईसाहेब," ठकूबाई घाबरून म्हणाली.

महाराज हसले. "काही नाही गं. एक लेकरू खाली उतरवायचं होतं. दोरा बारीक, जरा काचला."

पाटलीण महाराजांच्या पायांशी वाकली. "महाराज, मी ज्याला चोर म्हणाले तोच माझ्या नातवासाठी धावला हो!"

"झालं तर बारसं! धावदोराच म्हणायचं त्याला. पण बाई, माझ्या पाया पडू नकोस. टाका माझा नव्हे."

शिरसवेढ्यात तो शब्द तेव्हापासून रुळला, असे तिथली माणसे सांगतात.

बयजाबाईने ठकूबाईच्या पायांवर डोके ठेवले. ठकूबाई संकोचून मागे सरली.

"उठा, आईसाहेब. दुपटं पुन्हा शिवाया हवं. दोरा तुटला तर न्हाई?"

डोके न उचलताच पाटलिणीने हात पुढे केला. बिलवराला गुंडाळलेला दोरा अखंड होता.