लाल चतुराचं तळं

“गाळातच अंडी घालायची होती, तर पंख कशाला फुटले तुला?” लाल चतुराने पुन्हा तेच विचारलं.

“गाळात वाढले म्हणून फुटले,” लव्हाळ्याचं टोक धरून बसलेली पिवळी मादी म्हणाली.

पोरांनो, एका दलदलीच्या काठी ऊन वर आल्यापासून हे भांडण चाललं होतं. कोण कुठलं ते आधी ऐका. नर चतुर, म्हणजे पाण्यावर भिरभिरणारा तो लांब शेपटीचा किडा, पिकल्या मिरचीसारखा लालभडक, चार पंख अभ्रकासारखे, आणि डोळे एवढाले की डोक्याला जागाच उरत नाही. मादी त्याच जातीची, पण वाळक्या गवतासारखी पिवळट. तिच्याकडे कुणी वळून बघत नाही. दोघांचंही लहानपण त्याच दलदलीच्या तळाशी गेलेलं, चिखलाच्या रंगाचं, बिनपंखाचं, शेवाळात दबा धरून. पंख फुटले की नराला ते आठवत नाही. मादीला आठवतं, कारण अंडी घालायला तिला परत पाण्यालाच शेपूट लावावं लागतं. नर तेवढा वेळ वर घिरट्या घालतो आणि त्याला राखण म्हणतो.

तर या नराला दलदलीचा वास नकोसा झाला. शेजारच्या मळ्यात कुणीतरी कलिंगडाच्या वाफ्यांवर प्लॅस्टिकचा काळा कागद अंथरला होता. उन्हात तो असा चमके, की दलदल त्यापुढे फिकी पडावी. आणि चमकतं ते पाणी, एवढंच चतुरांच्या डोळ्यांना कळतं. नराने त्या कागदावर हक्क सांगितला, दुसऱ्या नरांना हुसकलं आणि “माझं तळं” म्हणून मिरवू लागला. तिथे ना शेवाळ, ना वास, ना टपून बसलेला खंड्या. बेडूक म्हणाला, “तळं असावं तर असं, रावसाहेब.” बेडूक म्हणणारच. चतुराची पिल्लं गाळात वाढली, की ती बेडकाचीच पोरं धरून खातात.

आदल्या दिवशी मादी नराच्या शब्दावर तिथे गेली होती. शेपूट टेकवलं तर चटका बसला. तसं तिने सांगितलं, तर वरून उत्तर आलं की ऊन आहे, पाणी तापणारच. पाण्यात अंडं खाली जातं. इथे टाकलं तिथेच राहिलं. संध्याकाळी ती बघायला गेली, तेव्हा अंडी खसखशीसारखी वाळून कागदाला चिकटली होती. आता पोटात उरली होती ती शेवटची. ती तिला दलदलीत सोडायची होती, आणि नर आडवा येत होता. वर त्याचं म्हणणं असं, की तळ्यात खोट नाही, हिची अंडीच नासकी. शेजारच्या कोवळ्या माद्या हसल्या. हसल्या ते एक वेळ सोडा, पण त्या त्याच्यासोबत तळं बघायला निघाल्यासुद्धा.

शेवट गोड करून सांगायची मला सवय नाही. त्या गेल्या, आणि त्यांची अंडी वाळली. पिवळीने आपली शेवटची अंडी दलदलीत सोडली, एकटीने, राखणीशिवाय, पंख फाटेपर्यंत. पुढच्या वर्षी पिल्लांना पंख फुटले, तेव्हा त्यांच्या अंगावरून उतरलेली रिकामी टरफलं लव्हाळ्यांवर दिसली. ती सगळी तिच्याच पोरांची, आणि फार थोडी. बेडूक मात्र मायंदाळ झाले.

नराने तळ्याचं कौतुक काही सोडलं नाही. कोवळ्या माद्यांपुढे ते चालूच राहिलं. पिवळीपुढे मात्र त्याने पुन्हा कधी तोंड उघडलं नाही, कारण त्या दिवशी भांडण तोडून निघताना ती त्याला एवढंच म्हणाली होती, “एकदा तुझ्या पाण्यावर जाऊन बस, बुडालास तर तू खरा.”

तात्पर्य : ज्याला स्वतः टेकायचं नाही, त्याच्या सांगण्यावरून जागा निवडू नये, आणि निवडलीच, तर मागाहून अंड्यांना नासकी म्हणू नये.